ताडपत्रीचा नमुना

खळ्यावर धान्याच्या राशी पडल्या होत्या, आभाळ भरून आलं होतं आणि वहिनी आपल्या दिराशी भांडत होत्या.

"भावजी, ही ताडपत्री कुणी कापली?"

"मी. नमुना घेतलाय. सगळ्याच ताडपत्र्यांचा घेतलाय."

दीर आधी फौजेत होते, मग कापडगिरणीत इंजिनियर झाले आणि निवृत्त होऊन गावी आल्यापासून सेवेला लागले. गाव त्यांना साहेब म्हणायचं. त्यांनी शाळेचं कुंपण घातलं, विहिरीला कठडा बांधला, शिंपी, न्हावी, दुकानदार असल्या ढेरपोट्यांचं पथक काढून त्यांना कवायत शिकवली. घरचं छप्पर मात्र गळत होतं. थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला, आणि शेत वहिनी एकट्या ओढत होत्या. "आपलंही बघा जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आधी गाव. आपलं शेवटी."

गावाने मिळून ताडपत्र्या घेतल्या तेव्हा तपासायचं काम अर्थातच साहेबांकडे गेलं. त्यांनी प्रत्येकीतून ताटाएवढा तुकडा कापला, ओढून पाहिला, भिजवून पाहिला आणि समाधानाने मान डोलावली.

"अहो, पण मधोमध?"

"कडेचा नमुना धरत नाहीत, वहिनी. काठ घट्ट विणलेला असतो, तो फसवतो. कापड एक नंबर आहे. थेंब आत जायचा नाही."

"एवढ्या भोकातूनसुद्धा?"

साहेबांनी भोकातून पलीकडे पाहिलं. गिरणीत नमुना कापला की उरलेल्या ताग्याचं पुढे काय होतं, ते बघणं दुसऱ्या खात्याकडे असायचं.

तेवढ्यात वीज कडाडली. साहेबांच्या अंगात फौज शिरली. "पथक, एकेका राशीवर चढा. भोकावर बसा. पाऊस थांबेपर्यंत उठायचं नाही." पथक धापा टाकत चढलं. माणसं संपली, दोन राशी उरल्या. एक घरची आणि एक सुतारणीची, जिचा नवरा गेल्या साली वारला होता.

वहिनींचं वर्षाचं खाणं घरच्या राशीत होतं. आणि घरी गळक्या छपराखाली नवरा भिजत पडणार, म्हणजे त्यांना इथे थांबता येणार नव्हतं.

"सुतारणीची कोणती?" साहेबांनी विचारलं. झाकलेल्या राशी सगळ्या सारख्याच दिसत होत्या, आणि घरची कोणती हेही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

वहिनींनी घरच्या राशीकडे बोट दाखवलं. "ही."

साहेब चढले आणि मांडी ठोकून बसले.

पाऊस ओसरल्यावर गाव खळ्यावर आलं. पथक पहिल्याच सरीला घरी पळालं होतं. राशी भिजून लगदा झाल्या होत्या. साहेब तेवढे एका राशीवर ताठ बसलेले, आणि खालचं धान्य कोरडं.

"वा," शिंपी म्हणाला, "आमच्या ताडपत्र्या फाडल्या आणि घरची रास राखली."

"घरची?" साहेबांनी वहिनींकडे पाहिलं.

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्यांना सुतारणीची म्हणून बसवलं."

"दिराला पाठीशी घालणारच तुम्ही," न्हावी हसला.

सुतारीण ओल्या दाण्यांची मूठ धरून उभी राहिली. वहिनींनी तिचं पोतं ओढलं आणि कोरडं धान्य त्यात भरायला लागल्या. साहेब खाली उतरले, त्यांनी पोत्याचं तोंड धरलं.

"बघा," दुकानदार म्हणाला, "उघडं पडलं म्हणून वाटायला निघाले."

साहेबांचा चेहरा पडला. इतकी वर्षं घराकडे पाठ फिरवून जे नाव कमावलं, ते घर राखल्याच्या आरोपाखाली गेलं. पण त्यांची खोड काही गेली नाही. पाणी ओसरल्यावर त्यांनी शाळेमागचं तुंबलेलं गटार उपसायला पथक बोलावलं. कुणी फिरकलं नाही.

वहिनी तेवढ्या आल्या, खांद्यावर फावडं टाकून, आणि गटार मोकळं होईपर्यंत साहेबांना शिव्या घालत राहिल्या.