परीक्षेची खुर्ची

मी घडीची खुर्ची बोलतेय. बागेत, गच्चीत ठेवायची म्हणून माझा जन्म, पण बराच काळ मी मालकांच्या ऑफिसातच काढला.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. नवा नमुना तपासणीला पाठवायचा झाला की मुकादम एक खुर्ची स्वतःच्या हातांनी बनवायचा. तिला सगळे ‘परीक्षेची’ म्हणत. ती मी. माझे पाय कात्रीसारखे एकमेकांवरून सरकतात. त्यांच्यामधल्या फटीवर दोन्ही बाजूंना त्याने रबरी टोप्या बसवल्या. तपासणीच्या बाईंनी माझ्यावर वजनं आपटली, पाण्याचे फवारे मारले, मग बोटाएवढी जाड सळई फटीत घालून पाहिली. “नाही जात गं बाई, सुटलीस!” त्या म्हणाल्या. मी पास झाले आणि केवढी फुशारले!

माझ्या पाठच्या बहिणी मात्र टोप्यांविनाच विकायला गेल्या. “एवढ्याशा रबरासाठी कोण खोळंबणार?” मालक म्हणाले. पास झाल्याचं लेबल तेवढं सगळ्यांना लागलं.

एकदा एक बाई आल्या. माझ्यावर टेकून बघितलं. “बाबांना हवीय, गच्चीत बसायला. शिंपी आहेत. या वयातही सुईत दोरा माझ्याआधी ओवतात.”

“अगदी हीच देतो,” मालक म्हणाले, आणि गोदामातली एक आणायला सांगितली.

तिला टोप्या नव्हत्या. मी कुरकुरले. बाईंना वाटलं, नवी आहे म्हणून वाजते.

काही दिवसांनी त्या खुर्ची घेऊन परत आल्या. “बाबांनी बसताना कडेला हात टेकला. खुर्ची मिटली. दोन बोटांची पेरं गेली हो.”

“वाईट झालं. पण हात कुठे ठेवतो ते आपणच बघायला नको का? लेबल बघा, पास आहे.”

बाई खाली बसल्या. त्या खुर्चीच्या फटीत त्यांनी पेन घातलं, ते आरपार गेलं. माझ्या फटीपाशी रबराला अडलं. “हिला टोपी आहे, मग तिला का नाही? तपासणीवाल्यांना उद्या घेऊन येते. विकलेल्या सगळ्या परत मागवायला लावते. बाबांची खुर्ची राहू दे इथेच.”

दिवसभर ती खुर्ची माझ्याशेजारी होती. फटीत काहीतरी काळं वाळलेलं. खोलीत कोणी नसताना ती एकदा आपोआप मिटली. कट्‌! तो आवाज माझ्या अंगातून अजून जात नाही.

संध्याकाळी मालकांनी मुकादमाला बोलावलं. “हिच्या टोप्या काढ, परत आलेलीला बसव. आणि ती फट नीट पूस.”

“साहेब, म्हातारा खोटा पडेल.”

“पडू दे.”

मुकादम मान खाली घालून कामाला लागला. त्याने टोप्या चोख बसवल्या. दुसऱ्या दिवशी त्या तपासणीच्या बाईंना घेऊन आल्या तेव्हा मी तिथे नव्हते. पहाटेच मला मालाच्या गाडीत घातलं होतं.

आता मी कोणाच्या तरी गच्चीत आहे. लेबल अजून अंगावर आहे, आणि ते खोटंही नाही. मी खरंच पास झाले होते. त्याचीच मला जास्त भीती वाटते. ज्या खुर्चीवर बसाल, तिच्या बाजूला आधी वाकून बघा. फटीत बोट जाण्याएवढी जागा दिसली तर लेबलावर जाऊ नका.

जिन्यात काठी वाजतेय. या घरातले आजोबा आले. दिसत नाही त्यांना नीट, हात पुढे करून मला चाचपडताहेत.

अहो आजोबा, तिथे नको.