ओहळातली खापरी आणि मी

मी एक जुना घोटायचा गोटा आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी स्वभावाने जळका आहे.

माझा जन्म न्यू मेक्सिकोतल्या एका नदीच्या पात्रात झाला. भांडी घडवणाऱ्या रेयसिताच्या आईने मला तिथून उचलले आणि तिच्यानंतर मी रेयसिताकडे आलो. आमच्या गावात घरोघरी बायका मातीची भांडी घडवतात. वाळलेल्या भांड्यावर मातीचा पातळ लेप देतात आणि तो ओलसर असतानाच गोट्याने घोटायला बसतात. एकदा बसले की उठायचे नाही. लेप मध्येच वाळला तर तिथे डाग राहतो. म्हणून घोटणारीला कोणी हाक मारत नाही. पाहुणा आला तरी तो दाराबाहेर थांबतो.

चाळीस वर्षे रेयसिताने मला झिजवले. तिच्या भांड्यांत माणसाला आपला चेहरा दिसे. त्या चकाकीवर ती नक्षी म्हणून ढगांच्या पायऱ्या रंगवी आणि शेवटची पायरी उलटी वळवी. लोक ती पायरी पाहून म्हणत, "हे रेयसिताचंच काम, दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही." मी मनात म्हणे, अरे, पण चकाकी कोणाची?

पुढे रेयसिताची बोटे आखडली आणि मी तिची नात अल्विना हिच्या हाती आलो. पोरीचा हात छान होता. पण तिला ओहळाच्या काठी एक खापरी दिसली, कोणा पूर्वज बाईच्या भांड्याचा तुकडा. असे तुकडे आम्ही घरी आणत नाही. बघायचे, शिकायचे आणि होते तिथेच ठेवायचे. त्यामुळे अल्विना रोज ओहळावर जाऊन बसू लागली आणि मी खिडकीत पडून राहू लागलो. माझा नुसता जळफळाट होई. एवढे काय होते त्या फुटक्या तुकड्यात?

उन्हाळ्याच्या मोठ्या बाजारासाठी अल्विनाने आपले पहिले मोठे भांडे घडवले. ते साधले तर आजी तिला बाजारात आपल्या शेजारी बसवणार होती. तिने लेप दिला, घोटायला बसली. अर्धे भांडे झाले आणि तिला खापरीवरची नक्षी आठवली. "विसरायच्या आत काढून ठेवते," असे पुटपुटत ती उठली आणि कागदावर रेघा ओढत राहिली. परत येईपर्यंत लेप वाळला होता. भांड्याच्या पोटावर तळहाताएवढा फिकट डाग पडला.

खरे सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

तेवढ्यात रेयसिता आत आली. "मध्येच उठलीस ना?"

"आजी, नक्षी डोळ्यांपुढून निसटत होती गं."

"मग निसटू द्यायची! ती खापरी काय पळून जाणार होती?"

मग तिने कागद पाहिला. ढगांच्या पायऱ्या, शेवटची उलटी वळलेली.

"तू रागावशील म्हणून बोलले नाही," अल्विना खाली मान घालून म्हणाली. "सगळे म्हणतात, ही पायरी तुझी."

"माझी कुठली आलीये! तुझ्याएवढी असताना मीही तिथंच ठाण मांडून बसायचे. आई ओरडायची, घरात माती वाळून चाललीय आणि बाईसाहेब ओहळात!"

"मग लोकांना सांगितलं का नाहीस?"

"कौतुक होत होतं, होऊ दिलं. चुकलंच माझं. तू मात्र सांग."

मित्रांनो, मी सुन्न झालो. चाळीस वर्षे ज्या पायरीखाली मी दिमाखात चकाकलो, ती माझ्या वैरिणीची होती!

अल्विनाने डाग खरवडून काढला, नवा लेप दिला आणि या वेळी शेवटपर्यंत उठली नाही. मग चकाकीवर ती उलटी पायरी रंगवली. भांडे भट्टीतून धडधाकट निघाले. आजीने बाजारातली जागा कबूल केली. आदल्या दिवशी अल्विना ते भांडे खापरीला दाखवायला गेली. मी तिच्या खिशात होतो. तिने मला काढून खापरीशेजारी ठेवले, तेव्हा प्रथमच मी त्या वैरिणीला जवळून पाहिले. रंग विटला होता, कडा झिजल्या होत्या. पण तिच्या अंगभर घोटल्याच्या बारीक रेघा होत्या आणि ऊन पडताच ती चकाकली. तिलाही माझ्यासारख्याच एका गोट्याने घासले होते.

आता मी खापरीवर जळत नाही. त्या अनोळखी गोट्यावर जळतो. शेकडो वर्षे झाली, त्याचे नाव कोणी घेतले नाही, पण त्याचे काम अजून चकाकते आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कोणा कारागिराचे जुने हत्यार असेल तर ते काचेच्या कपाटात मांडू नका. शिकणाऱ्या हातात द्या, झिजू द्या. मला त्या गोट्याची बरोबरी करायची आहे, आणि ती खिडकीत पडून होणार नाही.