गुलाबावरच्या अळ्या

पोस्टमास्तर रिटायर झाले आणि हॉवरफ्लायच्या मागे लागले. ही माशी म्हणजे मोठी सोंगाडी. अंगावर मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, पण पंख दोनच, नांगीचा पत्ता नाही, आणि फुलासमोर हवेत थांबून राहायची खोड. मास्तर भिंगातून पंखांच्या शिरा बघत आणि पाकिटावरचा पत्ता वाचावा तशी जात सांगत. आता कीटक मंडळाच्या बाई बाग बघायला येणार होत्या. स्वतःच्या बागेत वीस जाती ओळखून दाखवल्या की मास्तर मंडळाचे तज्ज्ञ. दारावर पाटी कुठे लावायची, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि नेमक्या तेव्हाच माश्या कमी व्हायला लागल्या. मास्तरांनी बाग चकाचक ठेवली होती. गुलाबाच्या कळ्यांवर मावा पडला होता, त्यात हिरवट, चिकट अळ्या वळवळत. त्या रोज सकाळी वेचून मारायचं काम बायकोकडे होतं. इकडे शुकशुकाट, तर भिंतीपलीकडे टेलरच्या रानटी झालेल्या बागेत माश्यांची नुसती जत्रा! मास्तरांचं डोकंच फिरलं. साखरेचं पाणी ठेवून माझ्या माश्या पळवतोस, असं त्यांनी टेलरला भर रस्त्यात सुनावलं. मी झाडांना साधं पाणी घालत नाही, असं तो बिचारा सांगत राहिला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

बाई आल्या. दोन तासांत तीन जाती मिळाल्या. मग त्यांनी गुलाबाचं एक पान उलटलं.

"मास्तर, ही कोण?"

"कीड. रोज काढून टाकतो आम्ही."

"अहो, ही हॉवरफ्लायचीच पिल्लं. मावा खाऊनच तर मोठी होतात."

मास्तरांनी भिंग पानावर धरलं. आईबापांच्या पंखांची शीर न् शीर पाठ, आणि पोरं ओळखता आली नाहीत! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी मारल्या नाहीत हो," बायको हळूच म्हणाली. "जीव घ्यायला हात धजेना. टेलरच्या गुलाबावर सोडत होते."

बाई तेवढ्यात वही घेऊन टेलरकडे गेल्यासुद्धा. संध्याकाळपर्यंत तेवीस जाती भरल्या. पंखांच्या शिरा बघून प्रत्येकीचं नेमकं नाव सांगायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मास्तरांना बोलावणं आलं. भिंग मुठीत धरून ते टेलरच्या फाटकाशी घुटमळत उभे राहिले.

टेलरने फाटक उघडलं. "या, मास्तर," तो म्हणाला. "साखरेचं पाणी आणू का थोडं?"