खुर्चीचे पाय

“आधी खाली बस,” दाराशी बसलेल्या आईने थोरल्या लेकीचा हात खाली ओढला. “धाकटा मागे कामात आहे, येईल एवढ्यात.”

“अगं आई, पण तूच उभी राहा की जरा. बघू दे तुला.”

“तो घरात असला की मी उभी राहत नाही.”

थोरली लेक जमिनीवर बसली, कारण बसण्याजोगं दुसरं काही नव्हतंच. घर सुताराचं, आणि खुर्च्या मात्र पाटाच्या बहिणी शोभाव्यात अशा. आरसा खाली, कडी खाली, खुंट्या खाली. भिंतीतली जुनी भोकं बुजवलेली दिसत होती. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला होता, “आई लहान होत चाललीय गं ताई. सगळं सामान कापत आणलं, तरी तिला उंचच वाटतं.” आईला आपल्याकडे न्यायचं, असं ठरवूनच ती आली होती.

पण आई होती तेवढीच होती. आडव्या हाडाची, रुंद खांद्यांची.

“तुला काय झालंय? धडधाकट तर आहेस.”

“मला काय धाड भरलीय?” आईने आवाज उतरवला. “एकदा जेवताना बघितलं, तुझ्या भावाचे पाय खुर्चीवरून लोंबकळत होते. जमिनीला टेकेनात. आणि याला पत्ताच नाही. मग मीच म्हटलं, बाबा, मला खुर्ची उंच होते, पाय काप जरा. आईसाठी म्हटलं की लगेच करवत उचलतो. स्वतःसाठी जन्मात उचलली नसती.”

थोरलीने भिंतीतल्या बुजवलेल्या भोकांकडे पुन्हा पाहिलं.

“आणि कामाची मापं?”

“चुकतात. टेप कुठे वापरतो तो? म्हणतो, टेप ताणला की खोटं बोलतो, आपली वीत बरी. आता वीतच आखडली, तिला कोण काय करणार? परवा एक गिऱ्हाईक लहान झालं म्हणून टेबल परत टाकून गेलं. हा म्हणतो, लोकांना हल्ली सगळं ऐसपैस लागतं.”

“पण शेजारपाजारचे बोलत नाहीत?”

“एकेकाच्या हातापाया पडले मी. आता तो कधी बाहेर येईल याचा नेम नाही, म्हणून लोक बसूनच असतात.”

थोरलीच्या आता ध्यानात आलं. मघाशी येताना गल्लीत सगळे बसलेले होते. पायऱ्यांवर, कट्ट्यावर, दुकानाच्या उंबऱ्यावर. भर दुपारी एकही माणूस उभा नव्हता. किती आळशी झालेत लोक, असं म्हणत ती पुढे आली होती.

“तू चल माझ्याकडे,” ती म्हणाली.

“मी गेले तर या घरात लहान कोण उरेल? त्याला कळायला वेळ लागेल का? लहान होऊन माणूस जगतो गं. कळल्यावर हा जगायचा नाही.”

मागचं दार वाजलं. भाऊ आत आला. मिशा पिकलेल्या, कानामागे पेन्सिल, आणि उंची शाळकरी पोराएवढी. याला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं. आताही घेता येईल, असं मनात आलं आणि तिला भीती वाटली.

“ताई! कधी आलीस?” तो समोर येऊन उभा राहिला. त्याच्याकडे बघायला तिला बसल्या जागी मान फारशी वर करावी लागली नाही. “ऊठ की, बघू तुला नीट.”

आईने श्वास रोखला.

“गुडघे गेलेत रे माझे,” थोरली म्हणाली. “आणि खरं सांगू? मीही आईवरच गेलेय. उंचीला उतरत चाललेय.”

आईने सुस्कारा सोडला. “चहा ठेवते,” म्हणाली, आणि हात टेकत, बसल्या बसल्याच सरकत स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली.

ती जाताना तो बघत राहिला. मग बहिणीजवळ बसला.

“घाबरू नकोस,” तो हळूच म्हणाला. “पहिल्यांदा पाय अधांतरी राहतात ना, तेव्हा पोटात खड्डा पडतो. नंतर सवय होते.”

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

“आईला बोलू नकोस. मला ठाऊक नाही असं तिला वाटतं, तेवढ्यावर तग धरून आहे ती. फक्त सरकताना तिच्या गुडघ्यांचे हाल होतात, ते बघवत नाही. तू तिकडे तोंड कर. आपण पाठ केली की उठते ती.”

दोघं भावंडं भिंतीकडे तोंड करून बसली. त्यांच्या मागे गुडघे वाजले, आई पूर्ण उभी राहिली, आणि तिची मोठी सावली समोरच्या भिंतीवर त्यांच्या डोक्यांवरून हळूहळू पुढे गेली. भावाने डोळे मिटून घेतले होते.