लीलावहिनीचं विरजण

आमच्या श्यामदादाला कामापेक्षा कामाची पूजा प्यारी. खंडेनवमीच्या सकाळी मी मिरजोळ्याला त्याच्या कारखान्यात गेले, तर हा सदरा काढून स्टीलच्या मोठ्या टाकीत उतरलेला. एका हातात नारळाची सोडण, दुसऱ्या हातात चिंचेचा गोळा. टाकी आतून अशी लखलखत होती की त्यात माझं तोंड दिसलं, तेही चिडलेलं. बाहेर येऊन त्याने टाकीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला.

"बघ गो उर्वी, लीलाने कधी अशी घासली होती काय?"

नव्हती. लीलावहिनी टाकी नुसती विसळायची. मी तिला आळशी म्हणून चिडवायचे. नणंदेने दुसरं काय करायचं असतं? ती हसायची आणि पुन्हा नुसतीच विसळायची.

कारखाना कसला, कलमांच्या बागेला लागून एक पत्र्याची शेड. वहिनी रसायनशास्त्र शिकलेली. ती तिथे झिओलाइट बनवायची, म्हणजे धुण्याच्या पावडरीत घालतात ती पांढरी भुकटी. भातगिरणीतल्या तुसाची राख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून गाळायची, त्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचं द्रावण ओतायचं, की टाकीभर दह्यासारखं घट्ट काहीतरी तयार व्हायचं. ते आधी निवांत ठेवायचं, मग न ढवळता मंद ऊब देत राहायचं. आत स्फटिक जमायचे, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. तेवढा वेळ वहिनी शेडचं दार ओढून घ्यायची. "हळू बोला, निजलेत," म्हणायची.

"एकेक स्फटिक म्हणजे एकेक घर," ती सांगायची. "आत खोल्याच खोल्या, सगळ्या मोकळ्या. पाणी पाहुणं येतं आणि खोली उबदार होते." मला त्या थापा वाटायच्या. मग ती माझा हात ओढून तळव्यावर भाजलेली कोरडी भुकटी ठेवायची आणि वर पाण्याचे दोन थेंब टाकायची. तळवा खरोखरच गरम व्हायचा.

वहिनी गेली २००२च्या गणपतीनंतर. शेडला कुलूप लागलं, उरलेली पोती विकली गेली. वर्षभराने, पोस्टातून निवृत्त झालेल्या दादाने ठरवलं की कारखाना पुन्हा चालू करायचा. चिपळूणचं जुनं गिऱ्हाईक म्हणालं, दिवाळीच्या आत चांगला नमुना दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. नाही जमलं तर टाकी भंगारात, असं दादानेही जाहीर करून टाकलं.

दसऱ्यानंतर त्याने पहिला घाणा लावला. स्फटिक नाहीत, नुसती पेज. दुसरा लावला, तरी पेजच. राख तीच, मापं तीच, ऊब तेवढीच. वहिनीच्या हाताखाली शिकलेली सगुणासुद्धा डोक्याला हात लावून बसली.

दादाच्या खिशात एक छोटी काचेची बाटली असायची, बूच मेणाने बंद केलेलं. वहिनीच्या हातची शेवटची भुकटी. कधी दुपारी शेडमध्ये एकटा असला की तो बूच काढायचा, चिमूटभर तळव्यावर घ्यायचा, पाण्याचे थेंब टाकायचा आणि मूठ मिटून बसायचा. मी एकदा दारातून ते पाहिलं आणि तशीच मागे फिरले. भुकटी आता बाटलीच्या तळाशी गेली होती.

तिसऱ्या घाण्याच्या आदल्या दुपारी मी शेडमध्ये बसले होते. बाहेर कातळ तापलेला, पत्रा मधूनच कडकडत होता. माझे डोळे मिटले. मी पांढऱ्या आळीतून चालले होते. दोन्ही बाजूंना घरं, दारं सताड उघडी, आत कुणी नाही. पायांखाली पीठ असावं तसं मऊ. आळीच्या टोकाला पडवीत वहिनी बसली होती आणि एक भांडं विसळत होती. हलकेच, कडांना हात न लावता. "घास की नीट," मी म्हटलं. ती फक्त हसली.

मी दचकून जागी झाले. माझ्या घरी दही लावायचं भांडं मी कधी घासते का? कडेला चिकटलेल्या दह्यावरच नवं दूध ओततो आपण.

"दादा," मी ओरडले, "तू विरजण घासून टाकलंस!"

सगळं ऐकून त्याने टाकीच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. टाकीच्या कडांना वर्षानुवर्षं चिकटलेले वहिनीचे स्फटिक, ज्यांच्या आधाराने नवे जमायचे ते, त्याने सोडणीने आणि चिंचेने धुऊन काढले होते.

"मुंबईहून कुणाचीतरी पावडर मागवू," मी म्हटलं. "शेजारणीकडून विरजण आणतोच की आपण."

"तिच्या टाकीत परक्याचं? नाय गो."

"मग खिशातली घाल."

मी त्याचा जीव मागितल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "ती संपली की माझ्याजवळ काय उरलं?"

माझं डोकं फिरलं. "संपवतोयस तूच, चिमूट चिमूट! तळहातावर संपेल ती कायमची संपेल. टाकीत घातलीस तर पुढच्या प्रत्येक घाण्यात राहील." एवढं बोलले आणि मलाच रडू कोसळलं. मलाही वहिनी हवी होती.

दुसऱ्या दिवशी घाणा घट्ट झाल्यावर दादाने बूच काढलं, बाटली टाकीत उपडी केली, तळ ठोकला. मग बाटलीत पाणी घालून विसळली आणि तेही ओतलं. शेडचं दार त्यानेच ओढून घेतलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "निजलेत."

टाकी उघडली तेव्हा वर नितळ पाणी होतं आणि तळाशी पांढराशुभ्र थर. सगुणाने तो गाळून धुतला, सुकवला, भाजला. निवल्यावर दादाने तळहात पुढे केला. मी त्यावर चिमूटभर भुकटी ठेवली आणि पाण्याचे थेंब टाकले. त्याने मूठ मिटली, डोळेही मिटले.

"आहे गो," तो म्हणाला.

डोळे पुसत मी सोडण उचलली आणि टाकीकडे निघाले. दादाने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"घासू नको. नुसती विसळ."