सातवं इंजेक्शन

मी कवळ्या बनवतो. अडतीस वर्षं झाली. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप आमच्याकडे येतं. मी त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतो. पुढचं नाजूक काम हिचं, म्हणजे बायकोचं. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, एखादा किंचित तिरका, एखादा किंचित पुढे, म्हणजे तो खरा वाटतो. एकसारखे दात बसवले की माणूस हसताना खोटा दिसतो, असं ही म्हणते. माझ्या हातच्या कवळ्या परत यायच्या, हिच्या हातची एकही आली नाही. हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलं नाही. आता करायला हरकत नव्हती, पण आता ती माझं ऐकत बसत नाही.

आमचं काम घरातच. पुढच्या खोलीत खिडकीशी लांब टेबल, त्याच्यापुढे हिचं उंच स्टूल, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर जबडे. नवखा माणूस आत आला की दचकतो. खालच्या मजल्यावरची शिवणवाली पहिल्यांदा वर आली तेव्हा म्हणाली, "काकू, एवढ्या लोकांनी तोंड उघडलंय आणि एकही बोलत नाही?" ही म्हणाली, "बोलायला आमचे हे आहेत ना." दोघी पोट धरून हसल्या. मी ग्राइंडर सुरू केला.

हिची हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं ते मनगट मोडलं तेव्हा. ओल्या फरशीवर नुसती टेकली होती. हाडांच्या डॉक्टरीण बाईंनी तपासणी केली आणि कागदावरचा आकडा पाहून म्हणाल्या, "पुढचा नंबर मणक्यांचा किंवा खुब्याचा लागेल. औषध सुरू करू." आधी गोळी दिली. आठवड्यातून एकदा, उपाशी पोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हिच्या छातीत अशी आग व्हायची की त्या दिवशी जेवण जायचं नाही. मग सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन ठरलं.

त्या दिवशी मी शेजारीच बसलो होतो. बाई दोन गोष्टी बोलल्या. एक, हजारोंत एखाद्याला या औषधाने जबड्याच्या हाडाचा त्रास होतो, तेव्हा दात काढायचा असेल तर आधी मला विचारा. दुसरी, हे इंजेक्शन मध्येच सोडायचं नाही आणि तारीख लांबवायची नाही. औषध थांबलं की हाड पूर्वीपेक्षा झपाट्याने झिजतं.

मला पहिली गोष्ट ऐकू आली. दुसरीही ऐकली असणार, कान जागेवरच होते. पण मी जबडेवाला माणूस. जबडा म्हटल्यावर माझं पुढचं लक्षच उडालं.

कारण वरच्या फळीवर, उजव्या टोकाला, एक जबडा होता. दोन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांकडून आलेला. खालचा, डाव्या बाजूला हाड खाल्ल्यासारखं, अंगठा जाईल एवढा खड्डा. त्या बाईला तो खड्डा झाकायला पट्टी करून हवी होती. एकदा ती स्वतः घरी आली, पट्टी टोचते म्हणून. तोंडावर रुमाल होता. तिने रुमाल काढला आणि खोलीभर वास पसरला. हिने खिडकी उघडली नाही, त्या बाईला वाईट वाटेल म्हणून. ती गेल्यावर मी विचारलं तेव्हा डॉक्टर फोनवर म्हणाले, "हाडांच्या औषधाने झालंय." मी त्या जबड्याची एक प्रत काढून ठेवली. का, ते मलाही सांगता येणार नाही.

अडतीस वर्षांत असे तीन जबडे माझ्या टेबलावर आले. तीन! मला वाटायचं, तीन म्हणजे थोडे झाले का? पण हीच इंजेक्शनं घेऊन ज्यांचे जबडे धडधाकट राहिले, त्या लोकांना माझ्याकडे यायचं कारणच काय? इथंच माझं घोडं पेंड खात होतं, आणि ते मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

तरीही सहा इंजेक्शनं नीट झाली. सातव्याची तारीख महिन्यावर आली आणि हिची दाढ ठणकू लागली.

दातांचे डॉक्टर शहाणे माणूस. त्यांनी आमच्यासमोरच बाईंना फोन लावला आणि मग सांगितलं, "काढावीच लागेल. शेवटच्या इंजेक्शनला पाच महिने होतायत, त्याचा जोर उतरत आलाय, हीच वेळ बरी. जखम भरली की दीड महिन्यात सातवं घ्या. त्यापुढे ढकलू नका." दाढ निघाली. मी रोज सकाळी टॉर्च घेऊन हिच्या तोंडात बघायचो. तीन आठवड्यांत हिरडी गुलाबी, सपाट, देखणी भरली. मी घडवलेल्या एकाही हिरडीला तो रंग आला नव्हता.

दीड महिना झाला. ही म्हणाली, "अहो, इंजेक्शनचं बघायचं ना?"

मी म्हटलं, "अजून एक महिना जाऊ दे. आतून भरली की नाही कुणी पाहिलंय?"

"बाईंना विचारा की."

"विचारतो."

विचारलं नाही. त्याऐवजी वरच्या फळीवरचा तो जबडा खाली घेतला आणि तिच्यासमोर मेणाच्या डब्याशेजारी ठेवला. म्हटलं, "हे बघ. हाडांच्या औषधाने झालेलं आहे. तुला असं तोंड घेऊन बसायचंय?" ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने बोट त्या खड्ड्यात घातलं, बाहेर काढलं आणि पदराला पुसलं. प्लास्टर कोरडं होतं, पुसण्यासारखं काही नव्हतं.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. त्या मापाबरोबर आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की त्या बाईला कर्करोग होता, हाडांत पसरलेला, आणि तिला तसलंच इंजेक्शन दर महिन्याला, मोठ्या डोसाने चालू होतं. हिच्या वर्षाच्या दोन सुयांशी त्याची तुलनाच नव्हती. मला हे माहीत होतं. मी ती चिठ्ठी वाचली होती. भ्यालेला माणूस आपल्या सोयीचं तेवढंच वाचून दाखवतो, दुसरं काय.

मग दवाखान्यातून फोन आला. नंबर माझा दिलेला होता. सिस्टर म्हणाली, "काकूंची तारीख उलटून गेलीय." मी म्हटलं, "आम्ही परगावी आहोत." मी पुढच्या खोलीत उभा होतो आणि ही स्वयंपाकघरात भांडी लावत होती. महिन्याने पुन्हा फोन आला. "आल्यावर कळवतो," असं सांगून मी ठेवला.

त्याच संध्याकाळी हिने विचारलं, "दवाखान्यातून काही फोन नाही आला?"

"नाही."

"मग तेवढं घाईचं नसेल," ती म्हणाली आणि चष्मा पुसून परत दात बसवायला लागली.

शेवटच्या इंजेक्शनला अकरा महिने झाले होते. सकाळचे दहा वाजले असतील. हिला फिकट रंगाचे दात हवे होते, ते टेबलाच्या खालच्या खणात असतात. खण जरा अडकतो. ती वाकली आणि तिने तो ओढला. बस, एवढंच केलं. ना पडली, ना घसरली, ना काही उचललं. "आई गं" म्हणाली आणि वाकलेल्या अवस्थेतच थांबली. मला वाटलं, बोट चेमटलं. मी म्हटलंसुद्धा, "हळू ओढावं ना!" तिला सरळही होता येईना आणि बसताही येईना. मग ती अशी ओरडली की खालची शिवणवाली गळ्यात माप घेण्याची टेप तशीच ठेवून धावत वर आली. तिनेच गाडी बोलावली, तिनेच हिची पाठ धरली. मी खण बंद करत होतो. दात सांडले होते, ते गोळा करत होतो. माणसाचं डोकं अशा वेळी कुठं जातं कोण जाणे.

तीन मणके चेपले होते.

हाडांच्या बाईंनी फोटो दिव्यावर लावला आणि पेनाच्या टोकाने दाखवला. हा, हा आणि हा. चौकोनी असायला हवे होते, ते पुढून दबले होते. त्यांनी फाईल उघडली, आकडे पाहिले आणि चष्मा काढला. "सातवं इंजेक्शन पाच महिन्यांपूर्वी व्हायला हवं होतं. तारीख का चुकली?"

मी मान खाली घातली. ही चाकाच्या खुर्चीत एका अंगावर कलून बसली होती, कपाळावर घाम होता. ती म्हणाली, "मी विसरले, बाई. माझीच चूक."

चाळीस वर्षांत तिने माझ्यावर बऱ्याच वेळा पांघरूण घातलंय, पण एवढ्या दुखण्यात कधी नाही. मी मान वर करून तिच्याकडे बघणार, तेवढ्यात दाराशी उभी असलेली सिस्टर बोलली. तिच्या मनात काही नव्हतं, तिला फक्त स्वतःवर बोल नको होता. "नाही हो काकू, आम्ही दोनदा फोन केला होता. काकांनीच उचलला. म्हणाले, परगावी आहोत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हिने पाहिलं नाही. तिने तोंडावरचा घाम पुसला आणि बाईंना विचारलं, "इंजेक्शन आज देता येईल का?"

"द्यायलाच हवं. पण जे मणके दबले ते परत उभे राहत नाहीत."

"ते कळलं. पुढचे तरी राहू देत."

सुई टोचली तेव्हा मी बाहेर होतो. तिनेच सांगितलं, तुम्ही बाहेर बसा.

घरी आणून पलंगावर निजवली. दोन दिवस आमचं बोलणं औषध, पाणी, कूस एवढंच. तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "तो जबडा आणा."

मी आणला. तिने तो छातीवर ठेवला.

"ही कर्करोगाची बाई होती."

"तुला कुणी सांगितलं?"

"चिठ्ठ्या कोण लावून ठेवतं या घरात? मीच ना? मला तेव्हापासून माहीत होतं. दर महिन्याला घेत होती ती."

"मग बोलली का नाहीस?"

ती छताकडे बघत होती, कारण दुसरीकडे वळता येत नव्हतं. "मलाही भीती वाटत होती. त्या बाईचा वास माझ्याही नाकात बसला होता. तुम्ही नको म्हणालात आणि मला बरंच वाटलं. आयतं कारण मिळालं. तेव्हा जबड्याचं पाप अर्धं माझं. ते मी तुमच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणार नाही."

मला रडू आलं. मी तिचा हात धरायला गेलो. तिने हात काढून घेतला नाही, पण बोटं मिटलीही नाहीत.

"पण फोनचं," ती म्हणाली, "फोनचं तुमचं एकट्याचं आहे. मी त्या फोनवर विसंबून होते. मनात म्हणायची, खरंच गरज असेल तर दवाखाना बोलावेल. मी तोंडाने विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही नाही म्हणालात."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी जबडा उचलला आणि मोरीत नेऊन हातोडीने फोडला. ती आतून म्हणाली, "आता फोडून काय उपयोग? तो कचरा झाडा तेवढा."

त्यानंतर ती उठली, बसली, पट्टा लावून चालू लागली. चार बोटं उंची कमी झालीय. माझी नजर मापाला सरावलेली, मला दिसतं. आधी तिचं डोकं माझ्या खांद्याला लागायचं. मी तिच्या स्टुलाचे पाय कापले, टेबलाचेही कापले. ती दहा मिनिटं बसते, तीनचार दात बसवते आणि आडवी होते. उरलेले मी बसवतो. गेल्या महिन्यात एक कवळी परत आली. पेशंटचं म्हणणं, हसताना खोटी दिसते. ती माझी होती.

काल सकाळी मी प्लास्टर कालवत होतो. दार वाजलं. दारात शिवणवाली, जिना चढून धापा टाकत, हातात स्वतःचा फोन. मी म्हटलं, "ये, काय काम काढलंस?"

"तुमच्याकडे नाही काका," ती म्हणाली आणि मला ओलांडून आत पलंगापाशी गेली. "काकू, दवाखान्यातून फोन होता. उद्या तुमची तारीख. दहा वाजता या म्हणालेत. मी येते सोबत, दुकान उशिरा उघडेन."

"बरं झालं बाई सांगितलंस," ही म्हणाली. "बस, चहा टाकायला सांगते यांना."

माझा फोन माझ्या खिशात होता. चार्ज केलेला होता, चालू होता. मी तो काढून एकदा पाहिला. मग भांड्यातलं प्लास्टर घट्ट होण्याआधी मापात ओतलं, हात धुतले आणि चहा टाकला.