हळदीचं रक्त

डोळखांबच्या बाजूच्या त्या गावात जयरामच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओटीवर जयराम तापानं फणफणत पडलेला. जठराला पडलेलं भोक शिवून नुकताच तो घरी आला होता, पोटावरची पट्टीही निघाली नव्हती. आणि उशाशी संदेशबाबा.

"डॉक्टर कापतो, शिवतो आणि विष आतच ठेवतो," बाबा गरजले. "आपलं ऑपरेशन बिनसुरीचं, बिनटाक्याचं!"

पट्टीशेजारी हळद फासून त्यांनी ओला तळवा दाबला. हळदीतून लालभडक ओघळ निघाला. बायाबापड्यांनी हात जोडले. तेवढ्यात जयराम थंडी वाजून थरथरा कापू लागला.

"देवी आली. आता याला हलवायचं नाय," बाबा म्हणाले.

जयरामची बायको चंद्रकला त्याचं मनगट धरून बसली होती. नाडी सुसाट पळत होती, पोट फुगून टणक झालं होतं. घरी सोडताना शहापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप, धावती नाडी, फुगलेलं पोट, यातलं एक जरी दिसलं तरी तसेच परत या, आतला टाका गळत असू शकतो. सकाळपासून ती गाडी मागत होती आणि सासू सकुबाई बाबांची वाट बघत होती. चंद्रकलाचा नुसता संताप होत होता. मग तिला बाबांच्या तळहाताच्या रेघांत पांढरं काहीतरी दिसलं.

"आई, तुमची चुन्याची डबी द्या."

तंबाखूसाठी कमरेला खोचलेली डबी सकुबाईनं गोंधळून काढली. चंद्रकलानं स्वतःच्या दंडावर हळद चोळली, वर ओल्या बोटानं चुना लावला. दंड लाल झाला.

"माझ्या दंडात कुठल्या डॉक्टरानं विष ठेवलं, बाबा?"

बायाबापड्यांचे जोडलेले हात खाली आले. पाय मुरगळला की हळद-चुन्याचा लाल लेप तिथं घरोघरी लावत, पण ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"देवी कोपेल," बाबा पुटपुटले.

"माझ्यावर कोपू दे. ही थंडी तापाची हाय." ती दिराकडे वळली. "प्रणयभावजी, गाडी काढा."

शहापूरला आतला टाका सुटलेलाच निघाला. पुन्हा ऑपरेशन झालं, जयराम वाचला. "अजून उशीर झाला असता तर आमच्या हातात काही राहिलं नसतं," डॉक्टर म्हणाले. सकुबाईनं ते मान खाली घालून ऐकलं.

जयराम घरी आल्यावर बघायला आलेल्यांपुढे सकुबाईनंच डबी उघडली आणि हळद लाल करून दाखवली.

"चुना माझ्या कमरेला होता, तरी मी फसली," ती म्हणाली. "ऑपरेशन झालेल्याला ताप आला, पोट फुगलं, तर आधी दवाखाना गाठा. देवीला नारळ नंतर फोडा. ती कुठं पळून जात नाय."